द्राक्षांच्या गोदामातून समया : प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

नाशिककडच्या जानोरी फाट्याजवळचं मामाचं गोदाम आज उघडलं. एप्रिलमध्ये द्राक्षांचा हंगाम संपला तेव्हा लावलेलं कुलूप गंजून बसलं होतं, शेवटी खोबरेल तेल सोडून काढलं. आत उरलेली खोकी, कोपरपट्ट्या, बांधायच्या पट्टीची रिळं, लाकडी पॅलेटची थप्पी आणि कधीच न जाणारा तो आंबूस वास. जानेवारीत द्राक्षाची खोकी येईपर्यंत जागा रिकामीच पडून असते. मामा म्हणतो भाडं नको. मी लेखी भाडेकरार करायला लावणार आहे, पुढे कागद लागणारच.

हा खटाटोप कशासाठी ते आजच लिहून ठेवते, म्हणजे मधेच वाट चुकले तर परत येता येईल. आम्ही सहा जण ऑनलाइन विकतो. भांडी बाजारातले काका तांब्या-पितळ विकतात, येवल्याच्या ताई पैठणीचे बटवे. सिन्नरकडचा गोधडीवाल्या बायकांचा गट आहे, लाकडी खेळणी करणारा एक मुलगा आहे, बेदाणा-मसाले करणारं एक जोडपं आहे आणि पूजेचे संच विकणारी मी. बाहेरच्या ऑर्डर सगळ्यांनाच येतात, आणि प्रत्येक जण आपलं एकेक पार्सल घेऊन कुरिअरच्या काउंटरवर उभा असतो. एका पार्सलचा दर तो एका पार्सलचाच. एकरभर बाग असलेल्याचा कंटेनर कधी एकट्याने भरतो का? चार बागांचा माल पॅकहाउसला एकत्र येतो तेव्हा तो बंदराला लागतो. इथल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. आमचंही तसंच करायचंय : सहा जणांचा माल इथे एकत्र करायचा, एकदम परदेशातल्या भाड्याच्या गोदामात पाठवायचा आणि ऑर्डर आली की तिथूनच गिऱ्हाइकाकडे. दुकानदारांना मात्र हे अजून पटवतेय.

सगळ्यांच्या वह्या मागवल्या आहेत. काकांची वही मोडीसारख्या अक्षरात.

१५ जुलै, मंगळवार

वह्यांचा हिशेब झाला. वर्षभरात सहा जणांची मिळून ४१२ पार्सलं परदेशी गेली. निम्म्याहून जास्त अमेरिकेला, त्याखाली ब्रिटन, मग दुबई, बाकी किरकोळ. पोहोचायला आठ ते सतरा दिवस. तक्रारी वाचल्या तर ‘उशीर झाला’ यापेक्षा ‘गणपती झाल्यावर आली’ हीच जास्त. उशिराला लोक तयार असतात, सण चुकला की तयार नसतात.

आज दिवसभर काकांची अठरा इंची समई आणि मोजपट्टी. काका ती उभीच्या उभी पेटीत घालतात, भोवती पेंढा. पेटी ४६ × ३० × ३० सेंटिमीटर. कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून त्याला ५००० ने भागतात; येणारा आकडा आणि खरं वजन यांत जे जास्त त्याचे पैसे. समईचं खरं वजन ३.४ किलो, पैसे ८.३ किलोचे. नाकापेक्षा मोती जड! म्हणजे गेली चार वर्षं काका दर समईमागे जवळपास पाच किलो हवा विमानाने पाठवत आलेत.

समई तर आट्यांवर खोलता येते. बैठक, खांबाचे दोन तुकडे, तबकडी, वरचा मोर. सगळे सुटे करून आडवे ठेवले, मधे पुठ्ठ्याच्या खाचा केल्या. पेटी आली ३४ × २४ × १४, भागाकार २.३ किलो. आता पैसे फक्त खऱ्या वजनाचे. काका बराच वेळ त्या छोट्या पेटीकडे बघत बसले, मग म्हणाले, “गिऱ्हाइकाला जोडता येईल का पण?” जोडण्याची चित्रं पेटीत घालायची असं ठरलं. आटे उजवीकडे फिरवायचे हे मराठीत आणि इंग्रजीत.

एवढं एकच काम झालं असतं तरी जुलै सार्थकी लागला असता.

२८ जुलै, सोमवार

कागदांचा आठवडा. सीए मॅडमकडे तिसरी फेरी.

सहापैकी तिघांकडे आयात-निर्यात कोडच नव्हता. पाचशे रुपये फी, अर्ज ऑनलाइन. तरी चार वर्षं कुणी काढला नाही, कारण काउंटरवरचा मुलगा ‘भेटवस्तू लिहू का?’ विचारतो आणि आपण हो म्हणतो. भेट म्हणून गेलेल्या मालाची निर्यात म्हणून कुठे नोंदच होत नाही. मग जीएसटीचा परतावा नाही की काही नाही. व्यापारी मालाला कुरिअरने पाठवताना सीएसबी-५ हे कस्टम्सचं निर्यात बिल लागतं, सध्या दहा लाखांपर्यंतच्या खेपेला ते चालतं.

मोठा प्रश्न असा होता, की सहा जणांचा माल एका खेपेत गेला तर निर्यातदार कोण? उत्तर जीएसटीच्या नियमातच निघालं. व्यापारी निर्यातदाराने, म्हणजे दुसऱ्याचा माल विकत घेऊन बाहेर पाठवणाऱ्याने, देशातल्या पुरवठादाराकडून माल घेतला तर तो फक्त ०.१ टक्का जीएसटी भरून घेता येतो. त्याला निर्यात संवर्धन परिषदेची नोंदणी पाहिजे आणि बिलापासून ९० दिवसांत माल देशाबाहेर गेला पाहिजे. अनेकांचा माल एकत्र करायचा असेल तर तो आधी नोंदणीकृत गोदामात आणायचा, तिथून थेट बंदराला किंवा विमानतळाला. म्हणजे आमचं हेच! मामाचं गोदाम माझ्या जीएसटीवर अतिरिक्त व्यवसायस्थळ म्हणून लावायला टाकलं. भाडेकरार, लाइटबिल, संमतीपत्र. मामाच्या सहीला आडवी आलेली म्हैस आणि तिथून पुढे अर्धा तास गेला तो वेगळाच.

माल मी रोख विकत घेणार. म्हणजे जोखीम माझी. आई अजून बोलली नाहीये, बोलेल.

तिकडच्या गोदामाचं : अमेरिका आणि ब्रिटन दोन्हींची चौकशी चालू. ब्रिटनमध्ये माल आधी नेऊन ठेवायचा आणि तिथून विकायचा, तर बाहेरच्या विक्रेत्याला पहिल्या पौंडापासून व्हॅटची नोंदणी लागते. तिथल्या स्थानिक दुकानदाराला मिळते तशी उलाढालीची सूट नाही. व्हॅटचा आणि ईओआरआय क्रमांकाचा (तिथल्या कस्टम्ससाठी आयातदाराला लागतो तो) अर्ज आज केला. २४ जुलैला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या म्हणून सगळे पेढे वाटायच्या बेतात आहेत, पण करार लागू व्हायला वेळ आहे. आमच्या हिशेबात तो धरलेला नाही.

ब्रिटनमधला, मिल्टन कीन्सचा मावसभाऊ म्हणतो, “माझ्या गॅरेजमध्ये ठेव ना, फुकट.” त्याच्या व्हिसावर स्वतःचा धंदा चालत नाही. फुकटचं गॅरेज त्याच्या नोकरीपेक्षा महाग पडायचं. नको म्हटलं.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपती तीन दिवसांवर आणि आज ही बातमी. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल विनाशुल्क शिरायचा, ती सवलत २९ ऑगस्टपासून सगळ्याच देशांसाठी बंद. शुल्क कुणी आणि कसं गोळा करायचं हे स्पष्ट नसल्याने विमान कंपन्या टपाल घेईनात, म्हणून टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं उद्यापासून थांबवली आहेत. वर भारतीय मालावर आधीचं २५ टक्के शुल्क, त्यात २७ तारखेपासून आणखी २५.

गोधडीवाल्या मावशींची अकरा पार्सलं डाकघर निर्यात केंद्रात द्यायची होती, ती परत घरी आली. मावशी फोनवर म्हणाल्या, “म्हणजे गोधडी निम्म्यानं महाग झाली का? टाके तर तेवढेच आहेत.” काय सांगणार.

निम्म्याहून जास्त धंदा एका देशावर, हे वहीत जुलैमध्येच दिसत होतं. तेव्हा ते मला चांगलं लक्षण वाटलं होतं.

अमेरिकेतल्या गोदामाची बोलणी थांबवली. आता ब्रिटन. दुबईचं पुढच्या वर्षी.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज रडायची पाळी.

गणपतीनंतर काकांचे १४० तांबे आणि ४० ताम्हणं गोदामात आणून रचली होती. झिलई केलेला माल, आरशासारखा. आज पेटी उघडली तर तांब्यांवर काळपट-जांभळे डाग, काही तर अख्खे काळवंडलेले. ताम्हणांच्या कडा हिरवट. समया वाचल्या, कारण त्या अजून काकांकडेच आहेत. आधी वाटलं ओल. पण ओलीने इतक्या लवकर, इतकं काळं?

मामा आला, वास घेतला आणि सरळ मागच्या भिंतीकडे गेला. तिथे ताडपत्रीखाली गेल्या हंगामातली ग्रेपगार्डची चार खोकी होती, वर पत्र्याच्या सांध्यातून पाणी ठिबकतंय. द्राक्षाच्या खोक्यात घालतात ते हे कागद. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं, ओल लागली की सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि द्राक्षाला बुरशी धरू देत नाही. द्राक्षाला जे तारतं ते तांब्याला मारतं. बंद गोदाम, पावसाळी हवा, आणि तीन हातांवर आमचा माल.

काकांनी एक तांब्या उचलला, अंगठ्याने डाग घासून पाहिला आणि खाली ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवस चिंच, मीठ आणि हात. मामी, मी, सिन्नरच्या दोघी मावशी, काकांचा कारागीर. घमेल्यात चिंचेचा कोळ, एक चोळणारा, एक धुणारा, एक लगेच कोरडं करणारा. पाणी राहिलं की पुन्हा ठिपका उठतो. १४० पैकी १२६ तांबे सुधारले. १४ परत झिलईला, त्याचे पैसे मी दिले. ताम्हणं सगळी वाचली.

ग्रेपगार्ड गोदामातून बाहेर, मामाच्या घराच्या पडवीत. पत्रा सांधला. प्रत्येक तांब्याला गंजरोधक कागद, मग पिशवी, पिशवीत सिलिका जेलची पुडी. समुद्रमार्गे पाठवायचं झालं तर हे असंही करावंच लागणार होतं, एवढंच समाधान.

२३ सप्टेंबर, मंगळवार

तीन गोष्टी.

ब्रिटनचा व्हॅट क्रमांक आला. आठ आठवडे लागले.

कालपासून जीएसटीचे नवे दर. तांब्या-पितळेची भांडी १२ वरून ५ टक्क्यांवर. ०.१ टक्क्याच्या वाटेने जे भांडवल मोकळं राहणार होतं ते आता निम्म्याहून कमी. तरी एवढी कागदपत्रं केलीत, तर तीच वाट. मॅडम म्हणाल्या पुढच्या वर्षी परत हिशेब करा.

आणि तिकडे काय ठेवायचं याची यादी. सगळ्यात जास्त भांडण यावर झालं. प्रत्येकाला आपला माल लंडनला गेलेला बघायचाय. मी वही पुढे केली : ज्या वस्तूच्या ब्रिटनला वर्षात बारापेक्षा जास्त ऑर्डर आल्या आणि जी एकसारखी पुन्हा करता येते, तीच. पैठणीचा बटवा बाद, कारण प्रत्येक बटव्याचा पदर वेगळा आणि गिऱ्हाईक फोटोतलाच मागतं. तो इथूनच एकेक जाऊ दे. बेदाणा-मसाला बाद, खाद्यपदार्थांची वेगळी पूजा असते, या खेपेला नको. माझ्या पूजा संचातून कापूर काढला, विमानाच्या नियमांत तो ज्वालाग्राही घन पदार्थ आहे. कापराशिवाय आरती कशी करायची हे गिऱ्हाइकांना मलाच सांगावं लागणार. राहिले समई, तांब्या-भांडं, ताम्हण-पळी, कापूररहित संच आणि लाकडी बैल.

गोधडीचा आकडा होता नऊ. नियमात बसत नव्हती. अमेरिकेची दारं बंद झाल्यावर मावशींच्या घरी पडलेला ढीग मी बघून आले होते. तीस गोधड्या घातल्या. हे नियमाने नाही, मनाने केलं आहे, नोंद असू दे.

२७ सप्टेंबर, शनिवार

पहिली खेप निघाली. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, त्यामुळे जहाज शक्यच नव्हतं. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं अजून आफ्रिकेला वळसा घालून जातात. विमानानेच. जानोरीचं हॅल्कॉन, म्हणजे ओझर विमानतळाचं मालवाहतूक केंद्र, आम्हाला हाकेच्या अंतरावर, पण एवढ्याशा वजनाला एजंटने मुंबई विमानतळच सांगितला.

बांधणी मामाच्या दोन माणसांनी केली, जे एरवी द्राक्षाची पॅलेट बांधतात. त्यांचा हात बघण्यासारखा. चारही कोपऱ्यांना कोपरपट्टी, मग आडव्या पट्ट्या, टाचेने ताण बघायचा, वाजली पाहिजे. पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि एचटी अक्षरं आधीपासून आहेतच. लाकूड तापवून कीडमुक्त केल्याची ती खूण, तिच्याशिवाय लाकडी पॅलेट परदेशात उतरू देत नाहीत. जे आम्हाला विकत घ्यावं लागलं असतं, ते गोदामात पडलेलं होतं.

एकूण ३१० किलो. टेम्पो इगतपुरीहून समृद्धीने भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत गेला, कसारा घाट टळला. ड्रायव्हरचा साडेदहाला फोन, “पोचलो ताई, इथं रांग आहे.”

१६ ऑक्टोबर, गुरुवार

ब्रिटनच्या गोदामातून ऑर्डरी निघतायत, दोन-तीन दिवसांत घरी. पण आज चौथी तक्रार. तांब्या मागवला, लोटी आली. तांब्या-भांडं मागवलं, नुसतं भांडं आलं.

चूक माझी. यादीत मी लिहिलं होतं, पाण्याचं तांब्याचं पात्र मोठं, मध्यम, छोटं. तिकडच्या माणसाने तांब्या, लोटी आणि कलश जन्मात पाहिलेले नाहीत. त्याला तिन्ही गोल, तिन्ही तांब्याचे. आणि तांब्यावर पालथं घातलेलं भांडं त्याने सुटी वस्तू म्हणून वेगळ्या खणात ठेवलं, हिशेबात आमचे नग दुप्पट!

रात्री बसून सगळ्यांचे फोटो, क्रमांक, तळाचा व्यास आणि ‘ही जोडी आहे, तोडू नये’ असा तक्ता पाठवला. पुढच्या खेपेपासून जोडी इथेच एका पेटीत चिकटपट्टीने बंद. बारकोड पेटीवर, भांड्यावर नाही.

चुकीचे चार नग मात्र तिथेच परत आले, तपासून पुन्हा खणात गेले. पूर्वी परत आलेला माल गिऱ्हाइकाला ‘राहू द्या तुमच्याकडे’ म्हणावं लागायचं, परतीचं भाडंच वस्तूपेक्षा जास्त.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीचा हिशेब. समई ४० पैकी ३७ गेल्या. तांब्या-भांडं ६० पैकी ५२. ताम्हणं बरी. लाकडी बैल संपले, पोळा कधीच होऊन गेलाय तरी. मुलांना दिले म्हणे. गोधड्या ३० पैकी ४.

एका समईचा खर्च : एकटी कुरिअरने गेली तर छोट्या पेटीतही सुमारे ४३०० रुपये. आता विमानभाडं, क्लिअरन्सचा वाटा, तिकडची ठेवणावळ, ऑर्डर काढायचे पावणेतीन पौंड आणि घरपोच धरून २१०० च्या आसपास. शिवाय गिऱ्हाइकाच्या दारात कुणी जादा पैसे मागत नाही. पूर्वी १३५ पौंडांच्या वरची ऑर्डर गेली की तिकडे कर आणि हाताळणीची फी मागायचे, निम्मी भांडणं त्यावर.

पण गोधड्यांनी दीड पॅलेट अडवली आहे. भाडं पॅलेटवर, आठवड्याचं, विक्री होवो न होवो. समईने कमावलेलं गोधडी खातेय. मावशींना पैसे तेव्हाच दिलेत, त्यांचं काही अडलेलं नाही. त्यांना हा आकडा सांगितला नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

छोटी नोंद. माल तिकडच्या गोदामात गेला की विक्रीआधीच बँकेचं घड्याळ सुरू होतं, ही धास्ती होती. रिझर्व्ह बँकेने निर्यातीचे पैसे आणायची मुदत ९ वरून १५ महिन्यांवर नेली. गोधड्यांना श्वास मिळाला. थंडीत किंमत कमी करून बघते.

टपालाची अमेरिका सेवा १५ ऑक्टोबरपासून परत सुरू आहे, शुल्क इथेच भरून. जाहीर किमतीच्या ५० टक्के. मावशींनी दोन पाठवल्या, दोन्ही गिऱ्हाइकांनी शुल्क दिलं. टाके तेवढेच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मामाकडे गेले होते, १० जानेवारीपर्यंत गोदाम रिकामं करून देते हे सांगायला. नवी जागा आडगावला बघून ठेवली होती, भाडं ऐकून जीव वर आला होता.

मामा बागेत होता. मेपासून सुरू झालेला पाऊस दिवाळीपर्यंत थांबला नाही, घडच कमी सुटलेत. एका ओळीत उभं राहून त्याने मला मोजायला लावलं. ज्या वेलीवर एरवी तीस-पस्तीस घड असतात तिथे नऊ. शेजारच्या वेलीवर सहा. पुढे मोजलं नाही.

“अर्धं गोदाम पुरेल मला औंदा,” म्हणाला. “तुझा माल राहू दे पोरी. पलीकडच्या अंगाला.”

आडगावची जागा नाही म्हणून कळवलं. माझी सोय झाली असं लिहायला हात धजत नाही. भाडं यापुढे करारात लिहिल्याप्रमाणे, दर महिन्याला, त्याने नको म्हटलं तरी. ग्रेपगार्ड आणि आमचा माल यांच्यामध्ये विटांची भिंत घालायची, गवंड्याला सोमवारी बोलावलंय.

१७ जानेवारी २०२६, शनिवार

समुद्रमार्गाची पहिली खेप. गुढीपाडवा १९ मार्चला, वळसा धरून आणि तिकडच्या बंदरातले दिवस धरून हातात थोडे दिवस राहतात. दोन पॅलेट, न्हावा शेवा, इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये. ९० टक्के तांबेच, गुढीवर पालथा घालायला. पेटीत चित्र : गुढी कशी उभारायची, तांब्या कुठे. काकांनी या वेळी तांब्याचा गळा जरा रुंद केला, कळकावर नीट बसावा म्हणून. ब्रिटनमध्ये काही लोक कळकाऐवजी पडद्याचे दांडे वापरतात; मावसभावाने तीन दांड्यांची मापं पाठवली होती, त्यावर काकांनी साचा केला.

गोधडी एकही नाही. तिकडे अजून अकरा आहेत.

सकाळी आमचा टेम्पो भरत होतो तेव्हाच द्राक्षाच्या खोक्यांचा ट्रक दारात आला. दोन्ही गाड्यांना एकच धक्का, एकच हातगाडी. मामाच्या माणसांनी आधी आमचा भरला. पॅलेट क्रमांक २ च्या शिक्क्याचा फोटो काढायचा राहिला, सोमवारी सीएचएकडून (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटकडून) मागवायचा.